मानकरी, राहणार सुमित्रा निवास

गोवर्धन नाखवाच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या कपाळावर काहीतरी येऊन आपटायचं, आणि ते बहुतेक वेळा गोवर्धनचे वडील असायचे. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. आपटायचा तो त्यांचा फोटो. खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत एक दोरी ताणलेली होती आणि त्या दोरीला धर्मा नाखवा काचेच्या चौकटीत, आल्यागेल्याच्या कपाळाच्या उंचीवर, जरा रागाने बघत लोंबकळत असायचे. त्यांच्यामागे घड्याळ. घड्याळामागे आरसा, आरशामागे कॅलेंडर, मग दोन छत्र्या, कंदील आणि थेट आतल्या खोलीत धाकटीचा पाळणा. खाडीवरून वारा सुटला की सगळं कुटुंब एका अंगाला कलायचं.

"या, बसा. जरा वाकून बसा," असं गोवर्धन म्हणायचा आणि पाहुणा कपाळ चोळत बसायचा.

हे सगळं घडलं ते घरमालक गोटीरामशेठमुळे. गोटीराम मूळचा जासईचा आगरी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा त्याने त्यांना खडी पुरवली, माती पुरवली, आणि हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर बेलापूरच्या बाहेर रस्त्याला लागून दुमजली इमारत बांधली. बायकोच्या नावाने तिला 'सुमित्रा निवास' म्हटलं. दादरला एकदा कुणाकडे तरी त्याने ब्लॉक पाहिला होता. तेव्हापासून 'खोली' हा शब्द त्याने टाकून दिला. त्याच्याकडे खोल्या नव्हत्याच, ब्लॉक होते. त्यात कारखान्यांचे साहेबलोक येऊन राहतील, त्यांच्या बायका गॅलरीत उभ्या राहून इंग्रजीत हाका मारतील, असं त्याचं स्वप्न होतं. साहेबलोक चेंबूरहून मोटारीने यायचे आणि मोटारीनेच परत जायचे. ब्लॉकमध्ये आले ते एक कंपाउंडर, एक तलाठी, दोन मास्तर आणि जवळच्या दिवाळे गावचा गोवर्धन नाखवा.

स्वप्न मोडलं तरी नियम शिल्लक राहिले. जिन्याच्या भिंतीवर ते लाल ऑइलपेंटने लिहिलेले होते. भिंतीला खिळा मारू नये. जिन्यात मोठ्याने बोलू नये. गच्चीत मासळी वाळवू नये. यातला पहिला नियम कंपाउंडरने पहिल्याच आठवड्यात मोडला आणि शिव्या खाल्ल्या. गोवर्धन पडला कोळी. त्याने खिळ्याचं नावच काढलं नाही. त्याने दोरी काढली. बापजाद्यांनी मचव्यावर मारलेल्या सगळ्या गाठी त्याने त्या दोन खोल्यांत मारल्या. गोटीराम अधूनमधून येऊन भिंतीवरून हात फिरवायचा, एकही भोक सापडायचं नाही, आणि वळताना धर्मा नाखवा कपाळाला लागायचे.

"तुजा बाप मना नेहमी का मारतो रं?" तो विचारायचा.

"वल्लख झाली तुमची," गोवर्धन म्हणायचा.

तिसऱ्या नियमाची कथा वेगळी. गोटीरामचं सगळं बालपण सुक्या जवळ्यावर गेलेलं; पण इमारतीचा मालक झाल्यावर जवळा उघडपणे आवडणं त्याला परवडेना. मग तो संध्याकाळी जिन्यात थांबायचा, नाक वर करायचा आणि वासाची चौकशी करायला म्हणून गोवर्धनकडे शिरायचा. चौकशी पाटावर बसून व्हायची. दोन भाकऱ्या आणि वाटीभर जवळा पोटात गेल्यावर तो हात धुऊन कडक आवाजात म्हणायचा, "पुन्ना वास येता कामा नये." गोवर्धनची आई बायजा आतून म्हणायची, "उद्या सोड्यांचा येल. जरा लवकर ये."

या ब्लॉकवर गोवर्धनचा जीव होता आणि त्याच्या बायकोचा, दमयंतीचा, त्याहून जास्त. ती समुद्रकाठच्या करंजा गावची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिने अर्धा जन्म हंड्याखाली काढला होता. ब्लॉकच्या मोरीत नळ होता. आलेल्या बाईला ती आधी नळ सोडून दाखवायची, मग चहाचं विचारायची. दिवाळ्याचं जुनं घर त्यांनी कुलूप लावून ठेवलं, बायजाही त्यांच्याकडे राहायला आली. पाटी घेऊन ती सकाळी दिवाळ्याला चालत जायची, मासळी विकायची आणि दुपारी ब्लॉकमध्ये येऊन नळाखाली पाय धुवायची. हेही एक सुख होतं.

थोडक्यात, माणसाचं बरं चाललं होतं. तुर्भ्याच्या अंगाला एका रंगांच्या कारखान्यात त्याला पिंपं भरण्याच्या खात्यात काम मिळालं होतं. नोकरी टेंपररी होती, पण दिवाळीत कायम करायचं साहेबांनी तोंडाने कबूल केलेलं होतं. गोवर्धनला आयुष्यात आणखी काही नको होतं. पण तो कोळी आहे ही गोष्ट त्या वर्षी दोन ठिकाणी एकदमच महत्त्वाची ठरली, आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले.

पहिलं ठिकाण दिवाळे. तिथे नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळ चार घरांत फिरायचा. चौथ्या वर्षी पाळी. नारळाला सोनेरी कागद लावायचा, घरातून वाजतगाजत काढायचा आणि भरतीच्या पाण्यात सोडायचा. संध्याकाळी, सवडीने, असं दिवाळ्याला चालायचं नाही, कारण दिवाळ्याची खाडी म्हणजे अर्धा दिवस समुद्र आणि अर्धा दिवस चिखल. त्यातही एक मेख होती. भरती पुरी भरली की पाणी घटकाभर उभं राहतं, मग ओहोटी लागते. नारळ त्या उभ्या पाण्यात सोडायचा, म्हणजे ओहोटी त्याला बाहेर दर्यात नेते. घाई केली तर भरती त्याला परत काठावर आणून टाकते, आणि मग पुढची पाळी येईपर्यंत गाव त्या घराला तोंड दाखवू देत नाही.

पासष्ट साली पाळी नाखव्यांची होती. गोवर्धनचा आतेभाऊ नामा याने आषाढातच हरकत घेतली. नामाची पाळी पुढच्या वर्षी, पण त्याला दम नव्हता.

"कुलूप लावल्याल्या घरातना मान निंगत नाय," नामा गावबैठकीत म्हणाला. "आन ब्लॉक काय याचा हाय? उद्या मालक म्हनला खाली कर, की यो गाठोडा घेऊन रस्त्यावर. भाडोत्र्याला कंला पायजे मान?"

गोवर्धनला संताप आला. संताप आला की त्याला बोलता यायचं नाही, नुसते कान लाल व्हायचे. बोलली बायजा.

"नाम्या, तुजा घर तुज्या बापानं माज्या नवऱ्याकडना उसन्या घेतल्याल्या वाशांवर उभा हाय. आता बोल."

लोक हसले. गावचे वडीलधारे दादू तांडेल मात्र हसले नाहीत. त्यांनी निवाडा दिला. नारळ जिथे चूल पेटते तिथून निघेल, मग चूल भाड्याच्या घरात का असेना. पण भरती भरताना नाखव्यांच्या घरचा कर्ता पुरुष काठावर हजर नसला तर नारळ नामाच्या हातात जाईल, आणि नाखव्यांचं घर गावातून उठलं असं समजून पुढची पाळी तीन घरांत फिरेल. कायमची.

"येशील ना?" दादूंनी विचारलं.

"येनारच," गोवर्धन म्हणाला. "मरलो तरी येनार."

मरणाची वेळ आली नाही. त्याऐवजी देवस्थळीसाहेब आले.

देवस्थळी हे कारखान्याचे नवे वेल्फेअर ऑफिसर. माणूस पुण्याचा, सज्जन, कामगारांविषयी मनापासून कळवळा असलेला; आणि त्यांच्या कळवळ्यापासून कामगारांना वाचवायला कुणी नव्हतं. कामगार म्हणजे नुसते हात नव्हेत, प्रत्येकामागे एक संस्कृती उभी आहे, असं त्यांचं मत होतं. ती संस्कृती ते खात्याखात्यांत फिरून शोधायचे. साताऱ्याच्या दोघांना त्यांनी लेझीम विचारलं, कुरियन फिटरला त्याच्या गावच्या नौकांबद्दल विचारलं, जौनपूरच्या तिवारीला कजरी म्हणायला लावली आणि ऐकून डोळे पुसले. मग ते पिंपं भरण्याच्या खात्यात आले आणि त्यांना गोवर्धन सापडला.

"तुम्ही कोळी?" ते म्हणाले. एखाद्याला पुरलेला हंडा सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. "अस्सल?"

गोवर्धनने असेन म्हणून सांगितलं.

"अहो, ज्यांच्या भूमीवर हा कारखाना उभा आहे, ज्यांच्या खाडीचं पाणी आपण..." इथे ते थांबले, कारण खाडीच्या पाण्याचं कारखाना काय करतो ते त्यांना आठवलं असावं. "ते जाऊ द्या. वार्षिक समारंभ यंदा आपण तुमच्यासाठी करायचा. मुंबईहून डायरेक्टरसाहेब येणार. कोळीनृत्य बसवू. नाव हाकणारा नाखवा तुम्ही. आणि तारीख मी मुद्दाम पंचांग बघून काढली आहे." ते खाली वाकून गुपित सांगावं तसं म्हणाले, "नारळी पौर्णिमा."

गोवर्धनचे कान लाल झाले.

"साहेब, त्या दिवशी मला रजा पायजे."

"रजा?" देवस्थळींना खरोखरच वाईट वाटलं. "नाखवा, ज्या दिवशी सबंध कंपनी कोळी होणार, त्या दिवशी तुम्हीच रजेवर?"

गोवर्धनने समजावून सांगितलं. पाळी, मान, नामा, दादू तांडेल, भरती. देवस्थळी डोळे मिटून ऐकत होते, मध्ये मध्ये "वा" म्हणत होते. एवढी दाद गोवर्धनला कधी कुणी दिली नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हे सगळं निवेदनात घेऊ."

"पण साहेब, भरती दुपारी बाराच्या पुढं हाय."

"आपला कार्यक्रम अकराला. चारपर्यंत सगळं आटोपतं. मग तुम्ही जा की निवांत, कंपनीची गाडी देतो."

"चारला चिखल असतो."

"थोडं पुढे ढकलता नाही का येणार?"

"कार्यक्रम?"

"नाही हो. तुमची ती भरती."

गोवर्धन त्यांच्याकडे बघत राहिला. साहेब थट्टा करत नव्हते. त्यांना भरती हा गावकऱ्यांनी ठरवलेला कार्यक्रम वाटत होता. "पंचांना मी चिठ्ठी देतो," ते म्हणाले. "समजूतदार असतात ही मंडळी." दादू तांडेलांना वाचता येत नाही, आणि खाडीलाही, हे गोवर्धनच्या ओठांवर आलं होतं. पण ओठांच्या मागे दिवाळी होती, कायम होण्याची ऑर्डर होती आणि तिच्या मागे मोरीतला नळ होता. तो पुढचं पिंप भरायला वळला.

तालमी सुरू झाल्या. गोवर्धनला नाचता येत नाही हे पहिल्या दिवशीच उघड झालं. दिवाळ्यात नाच सुरू झाला की तो गॅसबत्ती धरून बाजूला उभा राहायचा. सगळा जन्म त्याने नाचाला उजेड दिला होता, पाय दिला नव्हता. देवस्थळींना हे पटेना. "संकोच सोडा," ते म्हणत. "तुमच्या रक्तात आहे ते." रक्त काही पायापर्यंत उतरेना. कुरियनचा वेगळाच आग्रह, वल्ही मारायची तर त्याच्या गावासारखी, धाड धाड धाड. तिवारीने नाव कधी पाहिलेली नव्हती, तो नांगरल्यासारखा वल्हवायचा. गोवर्धनने एकदाच तोंड उघडलं. वल्हवणारा माणूस नावेच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतो, असं तो म्हणाला.

"म्हणजे डायरेक्टरसाहेबांकडे पाठ?" देवस्थळींनी विचारलं. "नाखवा, प्रत्यक्षात तसं असेल. पण आपण इथे अस्सल दाखवतोय."

पोशाख मुंबईहून भाड्याने आला. कमरेला नेसायचा निळ्या साटीनचा रुमाल, त्याला जरीची किनार, टिकल्या लावलेली लाल टोपी आणि डिंकाने चिकटवायची मिशी. गोवर्धनला स्वतःची मिशी होती, बेताची. देवस्थळींना ती कोळ्याची वाटेना.

घरी त्याने हे सगळं सांगितलं तेव्हा दमयंती नळाखाली भांडी घासत होती.

"मंग सांग ना त्याना, मी येत नाय म्हनून."

"आन दिवालीला कायम कोन करील? तुजा बाप?"

"माज्या बापाला कंला मधी आनतं? तो कधी साटीन नेसला नाय."

बायजा कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिने एवढंच म्हटलं, "धर्मा असता तर दोन्ही ठिकानी गेला असता." मग दोरीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "नाय, नसता गेला. तो बी असाच व्हता."

शेवटी असं ठरलं की दमयंती आणि बायजा नारळ घेऊन वेळेवर निघतील. गोवर्धन कार्यक्रमाला जाईल, पहिल्याच नंबरला नाच उरकेल आणि साडेअकराची एस.टी. पकडून भरतीआधी काठावर पोचेल. देवस्थळींनी नाच पहिल्या नंबरला ठेवायचं कबूल केलं होतं. कबूल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पौर्णिमेच्या दिवशी सुमित्रा निवासाच्या जिन्यात, मोठ्याने बोलू नये या अक्षरांखाली, दिवाळ्याचा ताशा वाजला. पहिल्या थापेला गोटीराम धावत आला तो भांडायच्या तयारीने. पण आपल्या ब्लॉकमधून कुणाचा तरी मान निघतोय, आणि तो बघायला रस्त्यावर पन्नास माणसं उभी आहेत, हे दिसल्यावर त्याने कोट मागवला. कोट घालून तो मिरवणुकीच्या पुढे चालायला लागला. जो भेटेल त्याला सांगत होता, "माज्या बिल्डिंगमदून निंगला."

तिकडे कॅन्टीनमध्ये डायरेक्टरसाहेबांचा पत्ता नव्हता. अकरा वाजले, साडेअकरा झाले. गोवर्धन साटीन नेसून, मिशी चिकटवून, पुठ्ठ्याच्या होडीत कमरेपर्यंत उभा होता. साहेब आले तेव्हा बाराला थोडाच वेळ बाकी होता. मग हार झाले. मग देवस्थळींचं प्रास्ताविक झालं. त्यात गोवर्धनने सांगितलेलं सगळं होतं. चार घरं होती, पाळी होती, उभं राहणारं पाणी होतं, आणि ते इतकं सुंदर सांगितलं होतं की समोरच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी रुमाल काढले. "ह्या क्षणी," देवस्थळी म्हणाले, "ह्याच क्षणी, तिकडे खाडीत भरती भरत असेल."

पडद्यामागे होडीतल्या माणसाने दात खाल्ले आणि डिंकाची मिशी एका बाजूने सुटली.

नाच सुरू झाला. होडीने रंगमंचाला दोन फेऱ्या घालून डाव्या अंगाला जायचं असं बसवलेलं होतं. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत कॅन्टीनचं दार गोवर्धनच्या समोर आलं. दार उघडं होतं. त्याने ठरवून काही केलं नाही, असं तो पुढे नेहमी सांगायचा. पाय आपोआप वळले. पुठ्ठ्याची होडी रंगमंचाच्या तीन पायऱ्या उतरली, खुर्च्यांच्या मधून गेली, आणि मागे साताऱ्याचे दोघे, कुरियन, तिवारी असे सगळे, नाखवा जातोय म्हणून इमानाने वल्हवत निघाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराबाहेर पटांगण, पटांगणापलीकडे फाटक. फाटकावरच्या गुरख्याने हाही कार्यक्रमाचाच भाग समजून फाटक उघडलं आणि सलाम ठोकला. गोवर्धन पळायला लागला. होडी कुरियनच्या गळ्यात राहिली.

"नाखवा, वापस कब आयेगा?" तिवारी मागून ओरडला.

साडेअकराची गेली होती, पण पुढची एस.टी. उभी होती. साटीनचा माणूस आत शिरल्यावर गाडीतल्या सगळ्या माना वळल्या.

"कुठली पार्टी?" कंडक्टरने विचारलं.

"बेलापूर."

"गाव नाय विचारलं. नाटक कुठलं म्हणतो मी."

गोवर्धनने तोंड खिडकीकडे फिरवलं. रस्त्याच्या कडेने खाडी दिसायची तिथे त्याची नजर लागली होती. पाणी पार वरच्या दगडांना टेकलं होतं आणि हलत नव्हतं.

काठावर काय झालं ते त्याला पुढे चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं सारखं तेवढं असं. नारळ घेऊन मंडळी वेळेवर पोचली. दादू तांडेल पाण्याकडे बघत उभे होते. गोवर्धन दिसेना तसा नामा धोतर खोचून पुढे आला.

"दे, वहिनी. आता सोडाला पायजे. पानी भरला."

दमयंतीने पाण्याकडे पाहिलं. करंज्याची बाई ती, भरतीओहोटीवरच वाढलेली. "अजून चढतं हाय," ती म्हणाली. "घाई नको."

"दादू, आता कोन सांगनार हिला? तिचा नवरा तिकडं नाचतं हाय. मान गेला म्हना आन मोकला व्हा."

 दादूंनी आयुष्यात पुष्कळ वादळं पाहिली होती, पण मानाचा नारळ हातात घेऊन एक सून वाट बघत उभी आहे, असं पाहिलेलं नव्हतं. बायजाने सुनेच्या पाठीला नुसता हात लावला. दमयंतीने पदर खोचला आणि पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिथे ती नारळ धरून उभी राहिली. ताशा थांबला. नामा काठावरून सांगत होता, सोड, सोड आता, आणि ती सोडत नव्हती. बायका सांगतात की कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तिला पाण्याची ओढ पायाला लागली असेल. तिने हात मोकळे केले. नारळ जागच्या जागी एकदा फिरला. मग हळूच, कुणी बोलावल्यासारखा, बाहेर निघाला. मचव्यांच्या पलीकडे गेला, लहान झाला, दिसेनासा झाला.

नामाने तोंड उघडलं, तेव्हा दादूंनी हात वर केला. "दर्यानं घेतला," ते म्हणाले. "आता त्याच्याशी भांडाचा आसल तर तू जा. मी नाय येत."

एवढं झाल्यावर गोवर्धन पोचला.

दिवाळ्याचा काठ सणाच्या कपड्यांत होता. पोरांनी टेरिलिनचे शर्ट घातले होते, म्हाताऱ्यांनी धुवट चौकड्यांचे रुमाल नेसले होते. त्यांच्यामधून चिखल तुडवत, निळ्या साटीनचा, टिकल्यांच्या टोपीचा, अर्धी मिशी लोंबकळणारा एक कोळी धावत आला. सगळ्या गावात कोळ्यासारखा दिसणारा तो एकटाच होता. आधी पोरं हसली, मग बाया, मग ताशावाला. नामा तर खालीच बसला हसत.

"सोडला?" गोवर्धनने धापा टाकत विचारलं.

"मिशी काड आदी," बायजा म्हणाली.

दमयंती पाण्यातून वर येत होती. लुगडं चिंब, हात रिकामे. त्याच्याकडे पाहून तिने हसू आवरलं. आवरलं नसतं तरी चाललं असतं, असं गोवर्धनला वाटलं. दादू तांडेलांनी मानाचा विडा ताटातून उचलला आणि त्याच्यासमोरून नेऊन तिच्या हातात दिला.

नाखव्यांचं घर गावात राहिलं. गोटीरामने जिन्यातल्या तिसऱ्या नियमावर स्वतःच्या हाताने चुना फासला, कारण मानाच्या बिल्डिंगला हे शोभत नाही म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून वासाची चौकशी थेट गच्चीत सुरू केली. गोवर्धन दिवाळीला कायम झाला. नाव कारखान्याबाहेर नेण्याची कल्पना डायरेक्टरसाहेबांना इतकी भावली की देवस्थळींना पगारवाढ मिळाली. देवस्थळी कृतज्ञ माणूस. त्यांनी कोळीनृत्य दर वर्षीचं करून टाकलं, त्याच तिथीला, त्याच नाखव्यासह, फाटकापर्यंत. फक्त गुरख्याला ताकीद दिली.

त्यानंतर तीन नारळी पौर्णिमा गोवर्धनने पुठ्ठ्याच्या होडीत काढल्या. त्याने अर्ज केले, खातं बदलून मागितलं, एकदा पाय मुरगळल्याचं सोंग केलं. देवस्थळींनी त्याला खुर्चीत बसवून वल्हवायला लावलं. कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला तो बोटाने दाखवला जायचा, हा आपला कोळी. दिवाळ्यात गेला की बाया विचारायच्या, दमयंती का नाय आली? घरात रागावून बोलावं तर दमयंती ऐकून घ्यायची, आणि नळ सोडायची.

एकोणसत्तर साली पाळी फिरून नाखव्यांकडे आली. आषाढातल्या एका रविवारी दादू तांडेल आणि त्यांच्यासोबत नामा असे दोघे सुमित्रा निवासाचा जिना चढून आले. गावच्या वडीलधाऱ्याने ब्लॉकमध्ये पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. गोवर्धनने सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोघेही आत शिरताना वाकले, नामाला थोडा उशीर झाला. पाणी झालं, चहा झाला. गोवर्धन समोर पाटावर ताठ बसला होता. कान लाल होते, पण या वेळी बोलायची पूर्ण तयारी होती.

दादूंनी बशी खाली ठेवली. "सूनबाय हाय का घरात?" त्यांनी विचारलं.

दमयंती दारात आली. दादूंनी तिला पाळीचं सांगितलं, भरती यंदा कधी भरते ते दोघांनी बोटांवर मोजलं, ताशाचं ठरलं. नामाने मान डोलावली. सगळं ठरून गेलं तरी गोवर्धनकडे कुणी पाहिलं नाही.

"आन मी?" तो शेवटी म्हणाला.

दादू तांडेलांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा चांगला होता, टोचून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने अगदी मनापासून विचारलं, "तुना रजा मिलेल का?"